तुम्ही विचारलंत म्हणून: ते पैसे थेटच का नाही दिलेत?

ट्रिप संपवून आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, कुणी मनापासून, कुणी जरा खवचटपणे, की म्हटलं एकदा बसून नीट लिहावंच. प्रश्न असा, की तुम्ही मित्रमैत्रिणींनी मिळून रजा काढल्या, सायकलींवर खर्च केला, राहण्याखाण्यात पैसे घातले, उन्हातान्हात अंग मोडून घेतलं आणि हे सगळं कशासाठी, तर डायलिसिसवर असलेल्या मुलांसाठी निधी जमवायचा म्हणून, मग तोच खर्च सरळ संस्थेला का नाही देऊन टाकलात?

प्रश्न रास्त आहे, आम्हीही निघायच्या आधी एकमेकांना हेच विचारलं होतं.

आधी हिशोबाचं सांगते. तेवढे पैसे थेट दिले असते तर संस्थेला तेवढेच मिळाले असते, एकदाच, आणि फक्त आमच्या खिशातून. प्रत्यक्षात जमले ते त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातला मोठा वाटा अशा लोकांकडून आला ज्यांनी या मुलांबद्दल आधी कधी ऐकलंही नव्हतं, म्हणजे ऑफिसातले, शाळेच्या जुन्या ग्रुपवरचे, एका मित्राच्या बहिणीच्या सासरचे, असे कुठून कुठून. लोक कंजूष नसतात हो, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आणि विचारायला काहीतरी निमित्त लागतं. कुठल्यातरी मंगळवारी उठून ओळखीतल्या माणसाला 'अमुक संस्थेला पैसे दे' म्हणायला जीभ रेटत नाही, पण 'आम्ही एवढं अंतर सायकलने जातोय, तू किलोमीटरमागे काही देशील का' हे विचारता येतं, आणि दुसऱ्या दिवशी 'आज एवढं झालं बघ' असं पुन्हा सांगताही येतं. समोरचाही मग रोज बघतो कुठे पोचलात, आणि बघता बघता त्याला मुलांचंही कळत जातं.

कॅनडातल्या टेरी फॉक्सचं उदाहरण मी नेहमी देते. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गेला होता, कृत्रिम पाय लावून तो १२ एप्रिल १९८० ला कॅनडाच्या पूर्व टोकाहून पळत निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. सुरुवातीला कित्येक ठिकाणी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्याचं मागणं एवढंच होतं की देशातल्या प्रत्येकाने कॅन्सरच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. पण १९८१ च्या फेब्रुवारीत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येइतका, माणशी एक डॉलर खरंच झाला. जूनमध्ये तो गेला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्याने घरी बसून स्वतःचे पैसे दिले असते तर किती दिले असते, सांगा.

यावर अभ्याससुद्धा झालेत. ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शाफिर या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एखाद्या कामासाठी आपल्याला कष्ट पडणार, अंग दुखणार असं माहीत असेल तर माणसं जास्त द्यायला तयार होतात, म्हणजे नुसत्या सहलीला जायचं असेल त्यापेक्षा लांब पळायचं असेल तर. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. घाम गाळल्यावर त्या कामाला आपल्याच मनात वजन येतं.

पण आम्ही सायकलच का निवडली, नाच-गाण्याचा कार्यक्रम का नाही केला, याचं कारण अंतरात आहे. किडन्या काम करेनाशा झाल्या की हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, साधारण आठवड्यातून ३ वेळा करावं लागतं आणि दर वेळी ४ तासांच्या आसपास मशीनला लागून राहावं लागतं. हे बहुतेकांना माहीत असतं. जे चटकन लक्षात येत नाही ते हे, की सेंटर लांब असेल तर तेवढाच वेळ रस्त्यात जातो, बरोबर आई किंवा बाबा असतात, त्यांचं त्या दिवसाचं काम बुडतं, आणि हे दर आठवड्याला, किडनी मिळेपर्यंत. उपचाराला मदत मिळाली तरी गाडीभाड्याला मिळेलच असं नाही, आणि गाडीभाडं परवडत नाही म्हणून एखादी खेप चुकवणं म्हणजे अंगात पाणी आणि पोटॅशियम साठू देणं, जे हृदयाला थेट धोक्याचं आहे. आमचा निधी फक्त मुलांच्या या प्रवासासाठी होता. म्हणून आम्ही पैसे किलोमीटरवर मागितले, आमचे किलोमीटर त्यांच्या किलोमीटरसाठी.

निघायच्या आधी आम्ही संस्थेत जाऊन बसलो होतो. तिथे एका मुलीने मला तिची पाण्याची बाटली दाखवली. छोटीशी बाटली, तिच्यावर स्केचपेनने एक रेघ ओढलेली, खूपदा पुसून परत ओढलेली दिसत होती. दिवसभराचं पाणी त्या रेघेपर्यंत, औषधाच्या गोळ्यांबरोबरचा घोटसुद्धा त्यातलाच. किडनी पाणी बाहेर टाकत नाही त्यामुळे जेवढं प्याल तेवढं अंगातच राहतं. तिने हे मला अगदी सहज, वर्गातलं काहीतरी समजावून सांगावं तसं सांगितलं, आणि वर 'तुम्ही भरपूर प्या हां' म्हणाली. नंतर रस्त्यात दर वेळी बाटली तोंडाला लावली की मला ती रेघ आठवायची. मी ती मनातून काढायचा प्रयत्नही केला नाही.

आता सायकलीचं थोडं, कारण 'दमलात का' हाही प्रश्न असतोच. दमलो, पण लोकांना वाटतं तसे चढावर नाही. चढ दिसतो, कधीतरी संपतो. माणसाला खरा खातो तो समोरचा वारा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट, त्यामुळे सपाट रस्त्यावर वाऱ्याच्या विरुद्ध कितीही जोर लावा, वेग काही वाढत नाही आणि जीव मात्र जातो. तिथे ग्रुप कामाला येतो. पुढच्याच्या मागच्या चाकाला अगदी जवळ लागून चालवलं की मागच्याची बरीच ताकद वाचते, पाव-तृतीयांश तरी सहज. मग थोडा वेळ एकाने वारा खायचा आणि मागे जायचं, दुसऱ्याने पुढे यायचं. ज्याची तब्येत ठीक नसेल त्याला पुढे येऊच द्यायचं नाही. 'माझी पाळी आली ना' असं कुणी म्हणालं की मागून आवाज, 'गप मागे राहा, उद्या दुप्पट ओढ.' पैसे थेट देऊन टाकले असते तर हे मिळालं नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. शाळेपासून ओळखत असलेल्या माणसांना मी त्या वाऱ्यात नव्याने ओळखलं.

शेवटी शेवटी आमच्यातल्या एकाच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. सायकलवाल्यांमध्ये हे नेहमीचं आहे, हँडलवर तासन्‌तास तळव्याचा भार पडला की तिथून जाणारी नस दबते, काही दिवसांत किंवा आठवड्यांत बहुतेक वेळा बरं होतं. चालवायला तो ठीक होता, पण सकाळी शर्टाचं बटण काही केल्या काजात जाईना. तो खिडकीशी उभा राहून खटपट करत होता, कुणाला बोलवत नव्हता. आमच्यातल्या एकीने बघितलं, गेली, न बोलता वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि परत येऊन आपली चेन पुसायला बसली. नंतर त्यावर कुणी काही बोललंही नाही. त्या दिवशी त्याचं हँडल वर केलं, दुप्पट पॅडिंग गुंडाळलं आणि त्याला वाऱ्यात अजिबात पुढे सोडला नाही.

आणि एक पंक्चर, ते सांगायलाच हवं. ट्यूब बदलली, हवा भरली, पाच मिनिटांत परत बसली. कारण काय, तर ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या बारीक तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, केसाएवढी तार टायरमध्ये रुतून बसते आणि डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवत न्यायचं, टोचलं की सापडली. ऊन डोक्यावर असताना हे सावकाश करायला धीर लागतो. आमच्यातल्या सगळ्यात घाईच्या माणसाने ते काम मागून घेतलं आणि तार काढूनच उठला.

पोचलो तेव्हा संस्थेच्या दारात मुलं होती. ज्यांची खेप त्या दिवशी होती ती सेंटरवर होती, त्यामुळे थोडीच होती, पण होती. भाषण वगैरे नको असं आम्ही आधीच सांगितलं होतं. एका मुलाला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं, उतारावर पॅडल मारावं लागतं का. मग सायकल उलटी केली, त्याच्या हाताने चाक फिरवून दाखवलं की पॅडल थांबलं तरी चाक कसं फिरत राहतं, तो टिक टिक आवाज कशाचा, आत छोटे खटके असतात ते एका बाजूने अडकतात आणि दुसऱ्या बाजूने घसरतात. त्याला आवाज इतका आवडला की तो ओळीने सगळ्या सायकलींची चाकं फिरवत सुटला आणि कुणाची सायकल जास्त वाजते ते आम्हाला सांगून गेला. ट्रिप संपल्याचं मला तेव्हा कळलं, आणि इतकं छान वाटलं की काय सांगू.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. लोकांनी मुलांसाठी दिलेल्या पैशातून कुणी स्वतःची ट्रिप भागवत असेल, त्यातूनच तिकिटं आणि जर्सी आणि हॉटेलं होत असतील, तर हा प्रश्न खडसावून विचारायलाच हवा. आम्ही आमचा सगळा खर्च आपापल्या खिशातून केला, देणाऱ्यांचे पैसे आमच्या कुणाच्याही खात्यावर घेतले नाहीत, ते थेट संस्थेच्या खात्यात गेले आणि पावतीही संस्थेनेच दिली. किलोमीटरचा रेकॉर्ड रोज संध्याकाळी सगळ्यांना पाठवला. तुम्हाला असं काही करायचं असेल तर रूट ठरवायच्याही आधी संस्थेत जाऊन विचारा की त्यांना नेमकं काय कमी पडतंय. आम्ही मशीनसाठी निधी जमवायचं मनात धरून गेलो होतो, गाडीभाड्याचं तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं.