आंबा घाट, जुनी पिकअप आणि उड्या मारणारा टेंपरेचरचा काटा

हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. रत्नागिरीकडून कोल्हापूरला माल न्यायचा तर हाच रस्ता सोयीचा. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामामुळे आम्ही गेलो तेव्हा जागोजागी डायव्हर्शन होती आणि धूळही भरपूर, त्यामुळे वेळेचा हिशेब सैल ठेवलेला बरा. साखरप्यापर्यंत कुठलीही गाडी येते. जुन्या पिकअपची परीक्षा पुढे होते, हौद्यात टनभर पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढताना. ज्यांच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा कधी जागेवर असतो, कधी एकदम लालकडे धावतो, आणि त्याच दिवसांत इंजिनही ओढेनासं होतं, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी काकांची. जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. सगळं आयुष्य समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गेलेलं. गेल्या हंगामापासून तिच्या दोन तक्रारी होत्या. घाटात मध्येच ओढ जायची, गचके बसायचे, आणि थोडं थांबलं की परत नीट चालायची. काटा मात्र मनाला येईल तेव्हा वर चढायचा. या दोन्ही गोष्टी घाटातच दिसायच्या, म्हणून सगळ्यांनी एकच निदान केलं: इंजिन तापतंय. पाणी रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट बदलून झाला, काट्याला तापमान कळवणारा सेंडर बदलून झाला, रेडिएटर साफ झाला. शेवटी एका गॅरेजवाल्याने हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायला सांगितलं. हेड उघडायचं म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात गाडी उभी आणि खर्च मोठा. म्हणून पहिल्या तोडीच्या पेट्या कोल्हापूर आणि पुण्याला न्यायच्या त्या फेरीतच गाडी पारखायची असं काका आणि मी ठरवलं.

निघण्याआधी घरीच, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, रेस दिली, तरी सलग बुडबुडे आले नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. गाडी मुक्कामी उभी राहिली तरी पाणी कमी होत नव्हतं. यावरून हेडखालचं गॅसकेट, म्हणजे पॅकिंग, शंभर टक्के चांगलं आहे असं कोणी म्हणू नये, पण हेड उघडायची घाई नाही एवढं नक्की कळतं. हे पाच मिनिटांचं काम कुठलाही मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी करावंच.

सोबत घेतलेलं सामान थोडकं होतं. मल्टिमीटर, तापमान मोजायची इन्फ्रारेड गन, जंप केबल, हातभर जाड बॅटरी वायर, पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा, क्लिपा, पाच लिटरचा स्वच्छ कॅन आणि सॅंडपेपर. यातली गन सगळ्यात महत्त्वाची, कारण गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही हेच आधी ठरवायचं होतं. काटा इंजिनाचं तापमान थेट दाखवत नाही. सेंडरमधून किती करंट वाहतोय ते तो दाखवतो. मधली वायर, मीटर, अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) यांपैकी काहीही बिघडलं तरी काटा हलतो, आणि पाणी मात्र थंडच असतं.

आम्ही मुद्दाम दुपारी उशिरा निघालो, म्हणजे घाट उजेडात चढायला मिळावा. लाइट बंद, ब्लोअर बंद. अर्धाअधिक चढ झाल्यावर गाडीने नेहमीचं सुरू केलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आवाज चढेना, दोन गचके बसले, वेग एकदम पडला. मी काट्याकडे पाहत होतो. तो मध्यावर होता, तसूभरही हलला नाही. मागे काळा धूरही नव्हता. एअर फिल्टर चोंदला आणि इंजिनाला हवा कमी पडली की जुनं डिझेल काळा धूर ओकतं. इथे धूरच नाही, म्हणजे डिझेलच पुरेसं पोचत नसावं.

वळण सोडून रुंद जागी गाडी बाजूला घेतली, चाकाला दगड लावले, इंजिन चालूच ठेवलं. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर गन धरली तर ९४ अंश. चढावर भरलेल्या गाडीला हे अगदी रास्त आहे. मग इंजिन बंद करून डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबला. तो पोकळ लागला. फिल्टर डिझेलने भरलेला असेल तर पंप थोड्याच दाबांत कडक होतो. इथे बराच वेळ दाबत राहिल्यावर, हवा काढायच्या ब्लीड स्क्रूमधून फेसाळ डिझेल निघून गेल्यावर, तो कडक झाला. गाडी एअर पकडत होती, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत होती. त्यानंतर आंबा गावापर्यंत ती मुकाट चढली.

आंब्यात, विशाळगडाकडे रस्ता फुटतो त्याच्या आसपास, चहाला थांबलो. अंधार पडला होता आणि हवा गार होती. पुढे मलकापूरकडे निघताना हेडलाइट लावले आणि काटा मध्यावरून वर सरकला. काचेवर धुकं जमायला लागलं म्हणून ब्लोअर लावला, तो आणखी वर. उताराचा रस्ता, गार हवा, इंजिनावर काही जोर नाही, आणि काटा लाल पट्टीच्या तोंडाशी.

काका म्हणाले, "अरे थांबव आधी. इंजिन जाईल."

"काका, थांबतोच. पण आधी गन लावून बघू, मग ठरवू."

थर्मोस्टॅट हाउसिंग ८६ अंश. वरच्या रेडिएटर पाइपला फडक्यातून हात लावला तर गरम होता, पण दाबाने ताठ झालेला नव्हता. दिवसा इंजिन अडलं तेव्हा काटा स्थिर होता. रात्री काटा उडाला तेव्हा इंजिन नीट होतं. दोन्ही दुखणी वेगळी होती. आजवर घाट बहुतेक रात्रीच चढला जायचा, लाइट आणि ब्लोअर लावून, म्हणून ती एकत्र दिसायची.

मलकापूरच्या पुढे एका ढाब्यावर गाडी लावून काट्याच्या मागे लागलो. इंजिन चालू ठेवून इंडिकेटर लावला आणि केबिनमधला दिवा मालवून मीटरकडे पाहत बसलो. इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीला काटा हलकेच वर जायचा आणि खाली यायचा. डिझेलचा काटा मात्र जागेवर. काकांनी वाकून स्वतः पाहिलं तेव्हा त्यांना पटलं, कारण इंजिनातलं पाणी सेकंदाला एकदा तापून थंड होऊ शकत नाही.

एकच काटा का हलतो, याचंही कारण आहे. अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत टेंपरेचर सेंडरला एकच वायर असते आणि त्याची अर्थिंग चुडीतून (स्क्रूच्या आट्यांतून) इंजिनाला मिळते. मीटरची अर्थिंग बॉडीला असते, डिझेलच्या टाकीतल्या पातळी मोजणाऱ्या फ्लोटचीही चेसिस-बॉडीच्याच बाजूला. बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल इंजिनाला आणि तिथून किंवा बॅटरीपासून एक पातळ पट्टी बॉडीला, अशी आमच्या गाडीची मांडणी. ही पट्टी गंजली की लाइटचा करंट परत जाताना अडखळतो आणि बॉडीचं व्होल्टेज इंजिनापेक्षा वर चढतं. मग सेंडरच्या वायरीतून करंट जास्त जातो आणि मीटरला वाटतं इंजिन तापलं. जितके लाइट जास्त तितका काटा वर. दोन्ही काटे एकदम हलत असते तर संशय मीटरच्या सप्लायवर किंवा मीटरच्या मागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर गेला असता. पट्टी खराब असली तरी सेल्फ (स्टार्टर) मात्र झकास मारतो, कारण त्याचा करंट जाड केबलने जातो. म्हणूनच इकडे कोणाचं लक्ष गेलं नसावं.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन केबिनच्या रंग नसलेल्या बोल्टवर. सगळं बंद असताना ०.०५ व्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १.३ व्होल्ट. हा आकडा ०.२ च्या आत असावा. मग जंप केबलचा एक चिमटा निगेटिव्हवर आणि दुसरा केबिनच्या बोल्टवर लावला. काटा तिथल्या तिथे मध्यावर आला आणि हेडलाइटही उजळले. चिमटा काढला की काटा परत वर. पट्टी सोडवून पाहिली तर विणलेल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, बोल्टखाली पांढरी भुकटी आणि वर गंजाचा थर. नखाने ओढली तर निम्म्या तारा हातात आल्या. जागा सॅंडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासून तिथे जाड बॅटरी वायर बसवली आणि निघालो. बांबवडे, वाघबीळ, केर्ली, कोल्हापूर, सगळा रस्ता लाइट लावून झाला आणि काटा मध्यावरच राहिला.

सेंडर तपासायची एक सोपी रीत इथेच सांगतो. चावी ऑन ठेवून सेंडरची वायर काढली की काटा थंडवर यायला हवा, आणि ती वायर क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली की गरमकडे जायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि मीटर ठीक आहेत. क्षणभरच टेकवायची, धरून ठेवायची नाही. सेंडरच्या चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असेल तर ती अर्थिंगला अडथळा आणू शकते, आमच्या नव्या सेंडरवर होती, ती काढली. दोन वायरींच्या सेन्सरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना यातलं काही लागू करू नये.

सकाळी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात निम्म्या पेट्या उतरवल्या आणि गाडी उद्यमनगरात नेली. ऑइल इंजिनांवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले हात तिथे आहेत. मिस्त्रींना मी फक्त दिसलं ते सांगितलं, निदान सांगितलं नाही. त्यांनी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये माझाच पारदर्शक पाइप जोडला. रेस वाढवली की डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची रांग धावताना स्पष्ट दिसली. मग त्यांनी टाकीकडून येणारी लाइन काढून फिल्टरला कॅनमधून डिझेल दिलं. बुडबुडे बंद. म्हणजे फिल्टर, वॉशर, पंप सगळं चांगलं, दोष टाकी आणि फिल्टरच्या मध्ये. टाकीजवळच्या रबरी पाइपला क्लिपेखाली बारीक चीर होती. खाली डिझेलचा थेंबही नव्हता, कारण ही ओढणारी बाजू आहे. चीर असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकी निम्म्याखाली आली आणि चढावर पंपाने जोरात ओढलं की त्रास वाढतो, सपाटीवर जाणवतही नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी उशिरा चालू व्हायची, तेही याचमुळे, कारण लाइनमधलं डिझेल परत टाकीत उतरायचं. दोन फूट नवा पाइप, दोन क्लिपा आणि अर्थिंगची नवी पट्टी एवढ्यात काम झालं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून साचलेलं पाणीही काढून घेतलं.

पुढचा रस्ता सोपा आहे. कराड, साताऱ्यावरून जाताना खंबाटकीला बोगदा लागला, घाट येताना चढावा लागला. कात्रजवरून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पहाटे पोचायचं असेल तर साताऱ्याच्या अलीकडेच झोप काढून घ्यावी. आम्ही पुण्यात पेट्या उतरवल्या आणि परतीला खंबाटकीचा चढ मुद्दाम अर्ध्या टाकीखाली, लाइट आणि ब्लोअर लावून चढलो. ओढ कायम, काटा कायम.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आमचा काटा खोटा निघाला म्हणून तुमचाही खोटा असेल असं धरून गाडी रेटू नका. काटा हळूहळू, काही मिनिटांत चढत असेल, पाइप ताठ झाला असेल, कूलंटचा गोडसर वास येत असेल तर ते खरं तापणं आहे. हीटर पूर्ण गरमवर लावून ब्लोअर सोडा, सुरक्षित जागी थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण सुटलं की ते उसळून तोंडावर येतं. काटा अचानक थंडवर पडणं त्याहून धोक्याचं. पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की सेंडर कोरडा पडलाय आणि वाफेतलं तापमान त्याला नीट कळत नाही. अशा वेळी ताबडतोब इंजिन बंद करावं.

नव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना ग्रीस लावलंय. पावसाळा संपला की काका ते बोल्ट उघडून, घासून पुन्हा आवळणार आहेत. किनाऱ्यावरच्या गाडीला हे दरवर्षी करावं लागतं.