आमच्या पडवीची गळती

शनिवार, ११ ऑक्टोबर

पहाटे पुन्हा टपटप ऐकून जाग आली. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या या घराला मागच्या अंगाला कॉन्झर्व्हेटरी आहे, आम्ही तिला पडवीच म्हणतो. तीन बाजूंना काच आणि वर पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे आतून पोकळ अशा प्लास्टिकच्या तक्त्यांचं एकपाखी छप्पर. उन्हाळ्यात इथे माझ्या कुरडया वाळतात, गारठा सुरू झाला की कढीपत्त्याच्या दोन्ही कुंड्या आत येतात. मोठ्या कुंडीशेजारी गेले तीन आठवडे बादली आहे. दिवाळी दहा दिवसांवर आली, फराळाला माणसं इथेच बसणार.

मागच्या आठवड्यात एक कारागीर बघून गेला. खालूनच पाच मिनिटं पाहिलं आणि सगळं छप्पर बदला म्हणाला. मला ते पटलं नाही. बाकीचं छप्पर कोरडं आहे, पाणी एकाच जागी येतंय.

आधी वाटलं होतं दव असेल. इथे थंड रात्री आतली दमट हवा छपराला लागून पाणी होतं, त्याचेही थेंब पडतात. म्हणून परवा कोरड्या रात्रीनंतर सकाळी छपराला आतून हात लावून पाहिला. सगळीकडे सारखा ओलसरपणा, पण ठिबक कुठेच नाही. पाऊस आला की मात्र थेंब नेमका कुंडीजवळ. गळतीच आहे.

बाबांना फोन केला. गुहागरजवळच्या आमच्या घराची कौलं ते दर मे महिन्यात स्वतः परतायचे आणि मी खालून एकेक कौल वर द्यायचे. वानरांनी फोडलेलं कौल शोधायला ते आधी माळ्यावर अंधारात उभे राहायचे. जिथून उजेडाचा कवडसा येई तिथे खडूने खूण. बाबा म्हणाले, "अगो, थेंब पडतो तिथेच वर बघत बसू नको. पाणी वाशावरून धावत येतं आणि अडथळा आला की सुटतं."

रविवार, १२ ऑक्टोबर

पाऊस नव्हता, म्हणून बागेतली पाण्याची नळी घेतली. लेक आत टॉर्च घेऊन उभी, मी बाहेर शिडीवर. पाणी आधी सगळ्यात खाली, पन्हळीजवळ सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग वीतभर वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहत येतं आणि काहीच कळत नाही. खालच्या दोन तृतीयांश भागात काही झालं नाही. वरच्या टोकाचं काम माडीवरच्या खिडकीतून, कारण ती बरोबर छपराच्या वर उघडते. भिंतीलगतच्या शिशाच्या पट्टीवर पाणी सोडलं आणि आतून हाक आली, "आई, आला! थेंब आला!"

खिडकीतून शिशाची कड जरा उचलून पाहिली. तिसरा तक्ता खाली घसरला होता. वरच्या टोकाला बोटभर फट, मोजली तर १८ मिलिमीटर. पाणी तिथून आत शिरून अॅल्युमिनियमच्या पट्टीवरून दीड मीटर खाली येत होतं आणि जोडाच्या स्क्रूवरून कुंडीशेजारी पडत होतं.

तक्ता घसरला कसा हे दुपारी खालचं टोक पाहिल्यावर कळलं. त्याला अडवणारी खालची कडी गायबच होती. पॉलीकार्बोनेट उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. ३ मीटरचा तक्ता ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ८ मिलिमीटर हलतो. खाली आधार नसेल तर दरवेळी थोडा थोडा उतरत जातो, पुन्हा वर कोण चढवणार?

आणखी वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आधी कुणीतरी गळती थांबवायला खालच्या कडेवर सिलिकॉनचे थर फासले होते. त्या कडेला बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, आत आलेलं पाणी पन्हळीत जावं म्हणून. ती सगळी बुजलेली. तक्त्याच्या पोकळ्यांमध्ये हिरवं शेवाळ धरलं होतं.

कौलातही हेच आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथल्या खाचांच्या कौलांना चुना, सिमेंट काही लावावं लागत नाही. एकाची खाच दुसऱ्यात बसते आणि पाणी खाचेतूनच खाली वाहून जातं. आमच्या घरावर एकाने वळचणीच्या कौलांना सिमेंट थापलं होतं, बाबांनी ते छिन्नीने एका दुपारी सगळं काढलं होतं. तेव्हा त्यांचा राग मला कळला नव्हता.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी आठला सुरुवात केली. छपरावर पाय द्यायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. पॉलीकार्बोनेट माणसाचं वजन पेलत नाही. वरचं काम खिडकीतून, खालचं शिडीवरून.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पातीने खरवडायला दीड तास लागला. काही ठिकाणी ते लांब दोऱ्यासारखं निघायचं, काही ठिकाणी चिवट. भोकं काडीने मोकळी केली आणि पहिल्याच भोकातून काळपट पाण्याची धार पन्हळीत पडली. मग अॅल्युमिनियमच्या पट्टीवरचं झाकण लाकडी हातोडीने खालून हलकं ठोकत सैल केलं. आतलं रबर कडक होऊन चिरलेलं. यांनी खालून लाकडाचा ठोकळा लावून तक्ता वर सारला, मी खिडकीतून बघत होते. "अजून थोडा, अजून थोडा, बास!" तो शिशाखाली बसला तेव्हा फट दिसेनाशी झाली.

नवं रबर, आणि खाली दोन अॅल्युमिनियमच्या कड्या स्क्रूने घट्ट. सिलिकॉन फक्त झाकणाच्या टोकाला, तेही न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते पॉलीकार्बोनेटला बाधतं. दुकानात दोन्ही नळ्या शेजारी शेजारी होत्या, लेबल दोनदा वाचलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

काल रात्रभर पाऊस, नैर्ऋत्येचा वारा. पहाटे उठून टॉर्चने पाहिलं. स्क्रू कोरडा. बाबांना व्हिडिओ कॉल केला तर ते म्हणाले, "आधी पन्हळ दाखव." दाखवली. चारही भोकांतून पाणी बारीक धारांनी पडत होतं.

बादली न्हाणीत ठेवली. स्क्रूखाली पेन्सिलने केलेली खूण मात्र पुसली नाही. शेवाळाचे दोन तक्ते मार्चमध्ये काढून धुवायचे आहेत, तेव्हा ती लागेल.