भिंतीची भेग आणि लिंब

आज कंपाउंडची भेग बघायला गवंडीमामा आले होते. भेगेत बोट घालून बघितलं, मान वर करून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी हे काढा, मग भिंतीचं बोलू." चहा घेतला, गेले. दादा काही बोलला नाही. वहिनीही नाही. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

भिंतीचं काही वाटत नाही. ती पाच फुटांची, पडली तर पुन्हा बांधता येईल. पण खाली वाकून कुणी बघितलंच नाही, हे लागलं. लिंब डोळ्यांसमोर उभा आहे म्हणून आळ त्याच्यावर. पाया किती खोल गेलाय, मातीत काय चाललंय, ते जमिनीखाली झाकलेलं, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

आपली माती काळी. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. तीच माती अंगणाखाली आहे, वर फरशी टाकली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. घराचं जोतं लिंबापासून जेवढ्या अंतरावर, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर ही भिंत. जोत्याला केसाएवढीही भेग नाही, कारण तो पाया काळी माती ओलांडून मुरमावर टेकलाय. कंपाउंडचा पाया दीड फुटाचा, सगळाच्या सगळा काळ्या मातीत. मुरूम आणखी दोन-अडीच फूट खाली. एवढं साधं आहे. पण ते ऐकायला कुणी थांबायला हवं ना.

भेग बघून कारण ओळखता येतं. मुळाने उचललेली भिंत एका जागी फुगते, फरशीची एक कड वर येते, तिथे फूटभर उकरलं की मनगटाएवढं मूळ हाताला लागतं. अशी भेग ऋतू बघत नाही, वाढतच जाते. मातीने पाडलेली भेग विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढते, उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटत येते. आमची गणपतीत नखाएवढी असते, आत्ता बोट जातं. खात्रीच करायची तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकावा आणि दर महिन्याला दोन खिळ्यांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजून भिंतीवरच तारखेसह लिहावं. वर्षभराचे आकडे समोर असले की वादाला जागा उरत नाही. नुसतं सिमेंट भरून गिलावा केला तर पुढच्या चैत्रात तो शेजारूनच फुटतो, कारण माती हलायची थांबलेली नसते.

आणि तरी "हे काढा." एका वाक्यात. मघाशी कुणीतरी झाड मरावं म्हणून बुंध्याला भोक पाडून हिंग भरायचंही सुचवलं. त्यावर मी लिहीत नाही.

आता शांतपणे लिहायचं तर लिंबाचा हात यात अजिबात नाही असंही म्हणता येत नाही. एवढं मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं, आणि आधीच सुकलेली काळी माती त्याच्या बाजूला आणखी आकसते. पाणी घेणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुढे जातात, म्हणजे भिंतीखालून पलीकडे गेलेली असणारच. दोष मातीचा, पायाचा आणि थोडा लिंबाचा. हे लिहून काढल्यावर संध्याकाळपासूनचा राग जरा उतरला. झाड जगतंय, पाणी पिणारच. त्याला निर्दोष ठरवायचा माझा हट्टही सोडून द्यावा. गवंडीमामांनाही रोज तीच भेग आणि तेच झाड दिसत असणार.

पण काढून टाकणं हा उपाय नाही, उलट नवं दुखणं. मोठं झाड एकदम गेलं की त्याने ओढून सुकी ठेवलेली माती पुन्हा पाणी धरते आणि फुगते, ती पुढची काही वर्षं. मग आज न हललेलंही हलायला लागतं. शिवाय 1975 च्या शहरी झाडं जपण्याच्या कायद्याने स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते, ते वेगळंच.

घेर हलका करता येईल, पण आत्ता नको. मेच्या उन्हात सावलीतली साल अचानक उघडी पडली तर भाजते, तडकते, आणि तिथून कीड शिरते. माघात, पानगळीच्या तोंडावर करावं, आणि एका वर्षात चौथाईपेक्षा जास्त पाला काढू नये. तेवढ्याने पाण्याची ओढ थोडे दिवसच कमी होते, हेही धरून चालावं. जाड फांदी एका घावात कापली तर खालची साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा चीर द्यावी, मग दोन-तीन इंच पुढे वरून कापून फांदी पाडावी, आणि उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर कापावा. ते कडं राखलं तरच जखम भरते. शेंडा छाटून झाड बुटकं करणारे भेटतात, त्यांना हात लावू देऊ नये. तिथे झुपक्याने फुटवे येतात, त्यांची पकड कच्ची असते आणि वळवाच्या वाऱ्यात तेच मोडून पडतात.

मुळं तोडायचा विचार माझ्या मनात नाही. पण कुणाला करावंच लागलं तर बुंध्याच्या जाडीच्या पाचपट अंतराच्या आत जाऊ नये, एकाच बाजूने, करवतीने, पाऊस संपल्यावर. जेसीबी मुळं कापत नाही, ओरबाडते. आणि चर भिंतीला खेटून पायाच्या तळाखाली नेला तर भिंतच खाली बसते.

मला पटतो तो मार्ग असा. फुटलेला दहा फुटांचा तुकडा उतरवायचा. दोन्ही टोकांना मुरमापर्यंत खड्डे घेऊन खांब उभे करायचे, त्यांच्यावर बीम, आणि बीमच्या तळाशी जमिनीपासून तीन इंच मोकळं सोडायचं. माती फुगली तरी बीमला टेकत नाही, मुळं खालून जातात. नवा तुकडा जुन्या भिंतीला जोडायचा नाही, अर्ध्या इंचाची फट ठेवायची. त्याशिवाय भिंतीपासून चार-पाच फूट आत, चार-चार फुटांवर, दोन फूट खोल चार इंची भोकं पाडून खडी भरायची आणि उन्हाळ्यात आठवड्याला प्रत्येकात एक बादली. मातीची ओल सारखी राहणं महत्त्वाचं. महिनाभर कोरडं ठेवून एकदम नळी सोडणं सर्वात वाईट. नळाचं पाणी रोज नाही, म्हणून तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको. पडलेला पाला जाळायचा नाही, तीन इंच थर अंगणात पसरायचा, फक्त बुंध्याला चिकटू द्यायचा नाही.

दादाला हे सगळं उद्या सांगायचं आहे. बीमचा खर्च ऐकून तो दिवाळीवर ढकलेल, ढकलू दे, तोवर खिळ्यांचे आकडेही जमतील. गच्चीच्या पन्हळीचं काम मात्र तोवर थांबवता येणार नाही. वरचं सगळं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात, भिंतीच्या मुळाशी पडतं, त्यामुळे पहिल्या पावसात तेवढीच माती फुगते आणि बाकीची कोरडी राहते. तीन इंची पाइप, एक बेंड, दहा फूट पुरेल. रोहिणी लागायच्या आत तो गटारीकडे वळवायचा आहे, प्लंबरला सकाळीच फोन करते.