क्रिएटिनिन नॉर्मल होतं

मी भूलतज्ज्ञ. वॉर्डात गेले होते दुसऱ्याच पेशंटसाठी. वाटेत ८४ वर्षांच्या एका आजींच्या सुनेनं हटकलं. परवा आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. "मॅडम, आत्याबाई दिवसा कधी डोळा लावत नाहीत हो. कालपासून नुसत्या झोपूनच आहेत." फाईलमध्ये सिस्टरांची नोंद होती : पेशंट शांत, वेदना नाहीत.

श्वास मोजले. मिनिटाला सात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

दर चार तासांनी ५ मिलिग्रॅम मॉर्फिन चालू होतं. शेजारच्या खाटेवरच्या चाळिशीतल्या ड्रायव्हरलाही तेवढंच, आणि तो टक्क जागा.

ऑक्सिजन लावून नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, मागवलं. त्याची ०.४ मिलिग्रॅमची अँप्यूल अशा वेळी एकदम द्यायची नसते. दबलेलं सगळं दुखणं एका झटक्यात परत येतं, बीपी भडकतं. १० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून एकेक मिलिलिटर देत गेले, नजर छातीवर. श्वास बारावर आले, आजींनी पाणी मागितलं. नॅलोक्सोनचा असर तासाभरात ओसरतो, मॉर्फिनचा टिकतो, म्हणून त्यांना आयसीयूत हलवलं.

"पण मॅडम, क्रिएटिनिन १.१ आहे, नॉर्मल," रेसिडेंट म्हणाला. मुलगा हुशार आहे. पण रिपोर्टात ठळक छापलेलाच आकडा बघायची सवय या मुलांना आपणच लावतो. मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. पण ते तयार होतं स्नायूंतून, आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेत कुठे? मुळात तयारच कमी होतं, त्यामुळे मूत्रपिंड थकलं तरी रक्तात चढत नाही. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं, याचं गणित मांडलं : १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले क्रिएटिनिनची ७२ पट. बाईमाणूस असेल तर त्याला ०.८५ नं गुणायचं. उत्तर आलं मिनिटाला २३ मिलिलिटर. धडधाकट तरुणाचं शंभराच्या आसपास असतं. यकृत या वयातही मॉर्फिनवर बऱ्यापैकी काम करतं. पण त्यातून निघणारं मॉर्फिन-६-ग्लुकुरोनाइड स्वतःच जबर गुंगी आणतं, आणि ते बाहेर पडतं मूत्रपिंडातून. दर डोसागणिक ते साचत गेलं.

हे गणित आधी कुणी का मांडलं नाही, हे डोक्यातून जात नाही. वजनाचा रकाना कोरा होता. खुबा मोडलेलं माणूस काट्यावर उभं राहणार कसं, म्हणून कुणी भरलाच नाही. ३८ किलो हा आकडा मला सुनेनं सांगितला, महिन्यापूर्वी गावच्या दवाखान्यात झालेला. लक्षण तिनं ओळखलं, वजनही तिलाच ठाऊक होतं. तिला विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

मॉर्फिन बंद केलं, मांडीकडच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि शिरेतून पॅरासिटामॉल लिहिलं. ५० किलोच्या आतल्या पेशंटला ते किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीतलं ५७. संध्याकाळी राउंडला गेले, तर सिस्टर अख्खी बाटली लावत होत्या. वजनाच्या रकान्यात ३८ मी सकाळीच लाल शाईनं लिहिलं होतं.