माझ्या तोंडचं एक वाक्य

दहा दिवसांपूर्वी सांगलीत आमच्या लग्नाची नोटीस दिली. मला नोंदणी पद्धतीनं लग्न करायचंय हे आण्णांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते गोठ्यात वैरण टाकत होते. पेंढी हातात तशीच धरून म्हणाले, "पळून चाललीयास काय?"

आमच्या भिलवडीकडच्या गावांत कोर्ट मॅरेज म्हटलं की हाच अर्थ. घरच्यांना चोरून केलेलं लग्न, मित्र साक्षीला, मग पोलीस ठाणं. आमच्यात तसं काहीच नव्हतं. मुलगा कराडचा, दोन्ही घरांना पसंत. म्हणूनच आण्णांना कळेना. आयुष्यभर गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर केला, पंगतीत उभं राहून वाढलं. आता स्वतःच्या लेकीच्या वेळी मांडव नाही म्हणजे लोकांना काय तोंड दाखवायचं? त्यांचं हे दुखणं मला कधीच खोटं वाटलं नाही.

पण ताईचं लग्नही मी पाहिलंय. 2017 साली झालं, बाराशे पानं उठली. कर्ज ऊसबिलातनं फेडायचं ठरलं होतं आणि 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी उभ्या उसात शिरलं. घर सावरायचं की हप्ते भरायचे, अशी दोन वर्षं गेली. आईच्या पाटल्या त्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत. मला तसला मांडव नको, हे मी आण्णांना रडत सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

मग मी कायदाच वाचून काढला, विशेष विवाह कायदा, 1954. यात कोर्टाचा काही संबंध नाही. विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लागतं. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मी सांगलीत लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळं ते जमलं. नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. 30 दिवसांत कायद्याला धरून कुणाची हरकत आली नाही की लग्न लावता येतं. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लावायचं, नाहीतर नवी नोटीस. एक एजंट 'आज कागद द्या, उद्या लग्न' म्हणत मागं लागला होता. आधीच विधीनं झालेल्या लग्नाची नुसती नोंदणी करणं वेगळं आणि या कायद्यानं लग्न लावणं वेगळं. ही गल्लत करून माणसांना फसवू नये, एवढं मी त्याला तोंडावर सांगितलं.

होणारा नवरा कराडचा म्हणून नोटिशीची एक प्रत साताऱ्यालाही गेली. आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "एकच जिल्हा हुता की आमचा." खरंच होता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं सांगली झालं.

त्या दुपारी आज्जीनं तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न सांगितलं. आज्जीचं माहेर कुंडल, म्हणजे प्रतिसरकारचं, इंग्रजांच्या राज्यात लोकांनी स्वतः चालवलेल्या सरकारचं गाव. नाना पाटलांच्या त्या काळात या भागात गांधी पद्धतीची लग्नं लागायची. हुंडा नाही, वाजंत्री नाही, एकमेकांच्या गळ्यात हार. आज्जी तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला हातावर ठेवलेला गुळाचा खडा तेवढा आठवतो. "कुणी नावं ठेवली नाहीत. उलट मोठ्या माणसांचं लगीन म्हणायचे," असं ती आण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. आण्णांचा आवाज त्या दिवसापासनं खाली आला.

आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लिहिते. या कायद्यात लग्न कोणत्याही पद्धतीनं लावता येतं, पण एक अट आहे. वधू-वरांनी अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, आपल्याला समजेल त्या भाषेत, मी तुला कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारते-स्वीकारतो, असं एकमेकांना म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्णच होत नाही. ताई सकाळपासनं दुपारपर्यंत बोहल्यावर होती. गुरुजी बोलले, मामा बोलले, माईकवरचा माणूस बोलला. तिनं बोललेला एक उखाणा सोडला तर तिचा आवाज मला आठवत नाही. माझं लग्न माझ्या बोलण्यानं लागणार आहे. रोज रात्री फोनवर आम्ही दोघं ते वाक्य म्हणून बघतो. त्याचा आवाज दर वेळी 'स्वीकारतो'पाशी बदलतो.

साक्षीदार तीनच. त्यावरनं मामा रुसले होते. अंतरपाट नाही, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' नाही, मग मामाचं काम काय उरलं? मी विट्याला जाऊन त्यांना म्हटलं, माझ्या दाखल्यावर पहिली सही तुमची. ते आत गेले आणि आधार कार्ड घेऊनच बाहेर आले. दुसरी सही त्याला वाढवलेल्या आत्यांची, तिसरी आज्जीची. आज्जी चौथी शिकलीय, सही वळणदार करते.

शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणून बुधवार धरलाय. सही झाली की गणपतीला जायचं आणि मग घरी. अंगणात चाळीस माणसं, पुरणपोळी, कटाची आमटी. वाढायला आण्णा. साडी इरकल, तेवढं ठरलंय.

आज आण्णा बँकेच्या कामाला म्हणून सांगलीला गेले होते. संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "कागद बघून आलो. तुझ्या नावामागं माझं नाव बरोबर हाय. पर गावाच्या नावाला वेलांटी चुकलीय." फॉर्म मीच भरला होता, घाईत.

"दुरुस्त करून घे. लग्नाच्या कागदावर चूक नको," ते म्हणाले. "उद्या मी पण येतो."

उद्याची रजा टाकलीय. आठची एसटी.