गप्पींच्या टाकीतील लाल जंत : सात आठवड्यांची उपचार-नोंद

९ जून

खाद्य टाकण्यापूर्वी पाच मिनिटे टाकीसमोर नुसते बसून राहण्याची मला सवय आहे. आज त्या पाच मिनिटांतच एका पिवळ्या मादीच्या गुदद्वारातून दोन-तीन लाल धागे डोकावताना दिसले. ती स्थिर उभी राहिली की धागे पाच-सहा मिलिमीटर बाहेर येत आणि शेपटी हलवून पुढे सरकली की चटकन आत ओढले जात. ब्लडवर्म (लाल अळ्यांचे खाद्य) दिल्यावर माशांची विष्ठा लालसर होते, म्हणून प्रथम तीच शंका आली. परंतु विष्ठा माशामागे लोंबते आणि शेवटी गळून पडते, ती पुन्हा आत जात नाही. हे कॅमॅलॅनस जातीचे जंत आहेत, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरली नाही.

टाकीत २३ मोठे गप्पी आहेत. त्यांपैकी धागे दिसणारी ही एकच मादी असली, तरी गेले आठ-दहा दिवस आणखी चार मासे पोटाशी खोल गेलेले आणि खाण्यात मंद दिसत होते. ते मी उन्हाळ्यावर ढकलले होते. १८ मे रोजी आणलेले पाच नवे मासे चार आठवडे वेगळे ठेवायला हवे होते, ते मी तिसऱ्याच दिवशी मुख्य टाकीत सोडले. चूक माझी आहे आणि ती नोंदीत असावी, असे मला वाटते.

११ जून

एक राखाडी मादी रात्री मेली. पांढऱ्या बशीत पाण्याच्या थेंबात ठेवून तिचे पोट बारीक कात्रीने उघडले. आतड्याच्या शेवटच्या भागात सात जंत होते आणि त्यांतले बहुतेक तोंडाने आतड्याला घट्ट चिकटलेले होते. चिमट्याने एक ओढला, तर आतड्याचे अस्तर त्याच्याबरोबर ताणले गेले, पण पकड सुटली नाही. शिवणकामाच्या लाल दोऱ्याहून बारीक आणि जेमतेम सेंटीमीटरभर लांब असा तो जंत होता. त्याचा लाल रंग माशाच्या रक्ताचाच असतो. पात्याने त्याचे दोन तुकडे केल्यावर भिंगाखाली केसाच्या तुकड्यांसारखी अनेक पिल्ले वळवळत बाहेर आली. या जंताची मादी अंडी घालत नाही, ती जिवंत अळ्याच पाण्यात सोडते, हे वाचले होते. आज ते डोळ्यांनी पाहिले.

१२ जून

उपचार ठरवण्यापूर्वी शत्रूचे जीवनचक्र नीट समजून घेणे भाग आहे. या जंताचे शास्त्रीय नाव कॅमॅलॅनस कॉटी असून १९२७ मध्ये जपानमधील माशांवरून त्याचे वर्णन झाले. अळ्या पाण्यात पडल्यावर सायक्लॉप्ससारखे सूक्ष्म कवचधारी जीव त्या गिळतात, तो जीव माशाने खाल्ला की अळी माशाच्या आतड्यात वाढते आणि चक्र पूर्ण होते.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे चक्र ओळखीचे वाटेल, कारण नारूचा जंत याच गटातला आहे आणि तोही सायक्लॉप्समधूनच माणसाच्या पोटात जात असे. माझी आजी विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कोणालाही पिऊ देत नसे, त्यामागचे कारण हेच होते. पाणी गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून भारताने नारूचे उच्चाटन केले. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

माशांच्या बाबतीत मात्र केवळ सायक्लॉप्स अडवून भागत नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की, मधला यजमान, म्हणजे सायक्लॉप्ससारखा जीव, मिळाला नाही तरी हा जंत एका माशाकडून दुसऱ्याकडे थेट जाऊ शकतो. रेतीवर टोचे मारत दिवसभर काही ना काही खात राहणाऱ्या गप्पींच्या दाटीत तो इतक्या वेगाने पसरतो, त्याचे कारण हे आहे. म्हणून एका मादीला वेगळे काढून औषध देणे निरर्थक ठरते. उपचार संपूर्ण टाकीचा व्हायला हवा.

१३ जून

दुकानात विचारल्यावर निळे औषध, मीठ आणि तापमान वाढवणे असे तीन सल्ले मिळाले. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर त्यांचा उपयोग होतो, आतड्याला चिकटलेल्या गोलकृमीवर मात्र तिन्हींचा काहीही परिणाम होत नाही. प्राझिक्वांटेल हे औषध चपट्या कृमींसाठी आहे. फेनबेंडाझोल गोलकृमींवर चालते, पण ते खाद्यातून द्यावे लागते आणि जे मासे सर्वाधिक आजारी असतात तेच खाणे सोडतात. शिवाय टाकीत माझ्या गोगलगाई आहेत आणि त्यांना ते बाधते.

म्हणून लेव्हामिसोल निवडले. ते पाण्यात मिसळले की माशाच्या शरीरात शिरते, फिल्टरमधील जिवाणूंना व वनस्पतींना धक्का लावत नाही, आणि गोगलगाईंनाही या प्रमाणात त्रास होत नाही. पशुवैद्यकांना भेटून, त्यांच्या चिठ्ठीवर, गुरांच्या औषधांच्या दुकानातून ३० टक्के लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड असलेली भुकटी आणली. माणसांमध्ये या औषधाने पांढऱ्या रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घटू शकतात, म्हणून हातमोजे घालूनच ते हाताळायचे आणि पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलुपातच ठेवायची.

१४ जून : पहिला डोस

मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम शुद्ध औषध अशी आहे. येथे घाई केल्यास सगळा हिशेब चुकतो, म्हणून तो सविस्तर लिहितो. टाकी ९० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३८ उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे १०२ लिटर. प्रत्यक्षात पाण्याची पातळी ३४ सेंटीमीटर, त्यातून रेतीचा थर ५. उरलेल्या २९ सेंटीमीटरचे ७८ लिटर होतात, आणि दगड व लाकूड यांनी व्यापलेले सुमारे ३ लिटर वजा केल्यावर ७५ लिटर पाणी उरते. म्हणून शुद्ध औषध १५० मिलिग्रॅम, आणि भुकटी ३० टक्क्यांची असल्यामुळे ५०० मिलिग्रॅम. टाकीच्या बाहेरच्या मापांवर विसंबलो असतो, तर एक तृतीयांशाहून अधिक औषध जास्त पडले असते.

माझ्या काट्यावर अर्धा ग्रॅम भरवशाने मोजता येत नाही. त्यामुळे ५ ग्रॅम भुकटी ५०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवली आणि त्यातील ५० मिलिलिटर सिरिंजने मोजून टाकीत घातले. फिल्टरमधील कोळशाची पिशवी आधीच काढून ठेवली होती, कारण तो औषध शोषून घेतो. प्रकाशात हे औषध लवकर निकामी होते, म्हणून दिवा बंद करून टाकीभोवती जाड काळी चादर गुंडाळली, एअर पंप पूर्ण सोडला आणि खाद्य दिले नाही.

दोन तासांनी चादरीचा कोपरा उचलून बॅटरीच्या मंद उजेडात पाहिले. पिवळ्या मादीखाली, काळ्या रेतीवर, लाल धाग्यांचे चार वेटोळे पडलेले होते.

१५ जून

लेव्हामिसोल जंताला मारत नाही, त्याच्या स्नायूंना लकवा आणते. स्नायू आखडले की तोंडाची पकड सुटते आणि मासा त्याला विष्ठेबरोबर बाहेर टाकतो. बाहेर पडलेल्या जंताच्या पोटात अळ्या असतातच, आणि पाणी बदलून औषधाचा अंश कमी झाला की तळाशी पडलेले काही जंत व अळ्या पुन्हा हालचाल करू शकतात. म्हणून औषध टाकणे हा उपचाराचा निम्मा भाग आहे, आणि २४ तासांनी तळ उपसणे हा उरलेला निम्मा. ज्यांचे उपचार फसल्याचे मी ऐकले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी औषध बरोबर दिले होते आणि रेतीला हात लावला नव्हता.

सकाळी रेतीचा कण न् कण सायफनने खळबळून काढला, लाकूड उचलून त्याखालची जागा साफ केली आणि अर्धे पाणी बदलले. संध्याकाळी पुन्हा एक तृतीयांश बदलले. काढलेले पाणी बादलीत फडक्यातून गाळून पाहिले, तेव्हा त्यावर एकोणीस जंत मोजता आले. गाळ आणि पाणी दोन्हींवर उकळते पाणी ओतून ते संडासात टाकले. बागेत किंवा नालीत ते जाता कामा नये. कोळसा परत बसवला.

२१ जून

पाच दिवसांत मासे खाण्यावर तुटून पडू लागले, पण दोन अतिशय खंगलेले मासे वाचले नाहीत. आज मला आठवले की, ९ जूनपूर्वी हीच जाळी आणि हाच सायफनचा पाइप मी प्लॅटी माशांच्या दुसऱ्या टाकीत वापरला होता. तेथे लक्षणे दिसत नसली तरी वाट पाहणे मला योग्य वाटले नाही. तिच्यात प्रत्यक्ष पाणी ४० लिटर, म्हणजे ताज्या द्रावणाचे २७ मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी उपसलेल्या गाळात तीन जंत मिळाले. आता दोन्ही टाक्यांसाठी जाळी, पाइप आणि बादली वेगवेगळी केली आहे.

५ जुलै : दुसरा डोस

पहिल्या डोसनंतर रेतीत उरलेल्या अळ्या माशांनी गिळल्या असतील, तर त्या वाढून पुन्हा पिल्ले सोडण्याआधी गाठायला हव्यात. त्यासाठी तीन आठवड्यांचे अंतर ठेवले. पद्धत तीच. गाळात पाच जंत, सर्व लहान आणि फिकट. दुसरा डोस टाळला असता तर ऑगस्टमध्ये पुन्हा ९ जूनपासून सुरुवात करावी लागली असती.

याच आठवड्यात सोसायटीतील एकांनी पाण्याच्या टाकीतील डासांसाठी माझ्याकडे गप्पी मागितले. महापालिका गप्पी सोडते हे सर्वांना ठाऊक असल्याने मागणी स्वाभाविक होती, पण मी नम्रपणे नकार दिला. हवाई बेटांवरील ओढ्यांत सोडलेल्या गप्पींसारख्या माशांबरोबर हाच जंत गेला आणि तेथील मूळच्या माशांना लागला. आपल्या ओढ्या-विहिरींतील माशांवर ती वेळ माझ्या टाकीतून येऊ नये, याची मला मनापासून काळजी वाटते.

२६ जुलै : तिसरा डोस

अनेक जण दोन डोसांवर थांबतात. माझ्या टाकीच्या काचेवर मात्र सायक्लॉप्ससारखे पांढरे ठिपके टुणटुणताना अजून दिसतात, आणि त्यांच्या पोटात अळी लपलेली असू शकते, म्हणून तिसरा डोस दिला. आज दुपारी फडक्यावर एकही जंत नव्हता. २३ पैकी १९ मासे हयात आहेत. एका नराचा कणा वाकलेलाच राहिला आहे, पण तो खातो.

पिवळ्या मादीने परवा चौदा पिल्ले दिली. ती स्वतंत्र जाळीच्या पेटीत आहेत. कोणत्याही नव्या माशासाठी २० लिटरची वेगळी टाकी आजपासून चालू केली असून, तिच्यात स्पंज फिल्टर आणि पांढरा, रेतीविना तळ ठेवला आहे, म्हणजे लाल धागा पडला तर तो पहिल्याच दिवशी दिसेल.