दांडा अजून हिरवा आहे

१४ मे

फॅलेनॉप्सिसचं, म्हणजे माझ्या कुंडीतल्या ऑर्किडचं, शेवटचं फूल आज सकाळी गळलं. मनूला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "झालं ना फुलून? मग काप की दांडा." आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलीसुद्धा. मी मात्र दिवसभर तिथेच अडून बसले आहे. झालं ना, मग काप.

दांडा अजून हिरवा आहे. सुकून तपकिरी पडला असता तर बुडापासून कापला असता, विचारही केला नसता. पण हिरव्या दांड्याच्या पेरांवर डोळे असतात. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या जरा वर कापलं, तर दोन-तीन महिन्यांत तिथूनच फांदी फुटून पुन्हा कळ्या येऊ शकतात. मग झालं कसं म्हणायचं? हे मनूला सांगायचं होतं, सांगितलं नाही. आबांचं कपाट आवरलं तेव्हाही नाही. असो.

आमच्या घरात एखादी गोष्ट संपायच्या आत कुणीतरी ती संपली म्हणून सांगून टाकतं आणि मी ऐकून घेते. आज याचंच फार वाईट वाटतंय.

आजोळच्या आंब्यावर आता सीतेची वेणी, तिथलं रानातलं ऑर्किड, फुलली असेल. तिला कोण कापायला जातं? फुलं गळतात, कुठेकुठे बोंडं धरतात, त्यातलं पिठासारखं बारीक बी वाऱ्यावर जातं आणि तुरा आपला आपण वाळतो. पण तिच्या वाट्याला अख्खा आंबा आहे, कोकणातला पाऊस आहे. माझ्या रोपाला कुंडीभर कोळसा, नारळाचं सोडण आणि पुण्याचा कोरडा उन्हाळा.

संध्याकाळी ब्लेड ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून निवू दिलं. एवढं करावंच लागतं. एका रोपातला विषाणू पात्यावरून दुसऱ्यात जातो आणि त्यावर औषध नाही. मग रोप नीट उजेडात धरलं. तीनच पानं, तीही मऊ पडलेली, खालचं सुरकुतलेलं. दांडा ठेवला असता तर कदाचित फुलला असता, पण फुलं थोडी आणि लहान आली असती आणि त्यांचा सगळा भार या तीन पानांवर पडला असता. दणकट रोप असतं तर ठेवला असता. या रोपाकडून आता काही मागवेना.

बुडाशी बोटाच्या पेराएवढा ठेवून कापला. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, मुळांवर पडू दिली नाही, ती मुळं सुकवते. पावसाळ्यात नवं पान येऊ दे, मुळं धरू देत. रात्री गार पडायला लागल्या की दांड्याचं बघू. मनूचं म्हणणं खरं ठरलं, तिच्या कारणाने नाही. तरी आता बरं वाटतंय.

शेजारच्या डेंड्रोबियमच्या, म्हणजे दुसऱ्या ऑर्किडच्या, बिनपानांच्या कांड्यांनाही मनू काटक्या म्हणते. त्यांच्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, नवा कोंब त्यावरच वाढतो. सह्याद्रीतलं पांढरं डेंड्रोबियम तर पानं गळालेल्या कांड्यांवरच फुलतं. पोकळ होऊन वाळतील तेव्हा मीच काढीन. शनिवारी मनू आली की हे आधी सांगणार, चहा नंतर. आणि जमलं तर कपाटाचंही.